हौसा कासारणीची फिरकी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून मिसरूड फुटलं नव्हतं आणि माणसं नुकतीच थापा मारायला शिकत होती. पटत नसेल तर एखाद्या डोंगराला विचारा.

त्या काळी एका गावात मोठा विचित्र कायदा होता. आपल्या मालकीच्या वस्तूची किंमत आपल्याच तोंडून दोन साक्षीदारांसमोर निघाली, की तेवढे पैसे जो कोणी पुढे ठेवील, त्याची ती वस्तू. मग रडा, नाहीतर पाय आपटा. लबाड व्यापाऱ्यांना आवर घालायला कुण्या जुन्या राजानं तो केला होता. व्यापारी केव्हाच सावध झाले, गावाला मात्र एक खोड जडली. आपल्या वस्तूचं मोल कुणी बोलेना, आणि दुसऱ्याच्या वस्तूचं विचारल्याशिवाय कुणाला अन्न पचेना. विचारायला कुठे काय पडतं?

याच गावात हौसा नावाची कासारीण राहायची. पन्नाशीला टेकलेली. जन्मभर दुसऱ्यांच्या मनगटांत बांगड्या भरून तिची बोटं चिवट झाली होती. लेकी सासरी गेल्या, घर शांत झालं, तेव्हा चार बायका म्हणाल्या, "हौसाक्का, आता देवदेव कर." हौसानं देवाला नमस्कार केला आणि पतंग उडवायला घेतला.

तिची फिरकी साधीसुधी नव्हती. दूरदेशीच्या कारागिराकडून मुद्दाम करवून आणलेली, काळ्याभोर शिसवीची, आत पितळेचा कणा. वर गुंडाळलेला रेशमी दोरा असा, की वाऱ्यानं दोन कोसांवर कूस बदलली तरी ती हौसाच्या बोटाला कळायची. या फिरकीसाठी हौसानं काय मोडलं, काय विकलं, ते तिचं तिला ठाऊक. संध्याकाळी माळावर उभं राहून ती ढील द्यायची, पतंग ढगाला गुदगुल्या करून परत यायचा, आणि हौसाला वाटायचं, आज आपण जगलो.

पण माळाच्या कडेनं वाट जायची, आणि वाटेवर माणसं असतात.

लग्नाचं वऱ्हाड आलं, तर नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून विचारी, "मावशी, फिरकी केवढ्याला पडली?" मयताला खांदा दिलेला माणूस खांदा बदलता बदलता विचारी, "बाई, केवढ्याला?" ज्याला खाली उतरवायचं तो तेवढा बिचारा गप्प असे.

"वाऱ्याला विचारा," हौसा म्हणायची. "हिशेब त्याच्याकडे असतो."

काही जण तेवढ्यानं हटत नसत. एक गवळी म्हणाला, "अगं, एवढ्यात दुभती म्हैस आली असती!"

"आली असती," हौसा म्हणाली. "पण उडाली नसती."

शेजारची तांबटीण तिची जिवाची मैत्रीण. ती काकुळतीनं म्हणाली, "अगं, काहीतरी मोठा आकडा सांगून मोकळी हो ना! कोण देणार आहे तेवढे?"

"देणारा निघतो गं. आणि आकडा बोलले, की ती विकाऊ झाली. माझी फिरकी मला विकाऊ करायचीच नाही."

देणारा होताच गावात. धान्याच्या पेठेतला एक शेट. त्याचं खरं नाव त्याची आईही विसरली होती, सगळे त्याला भावशेट म्हणत. गावातल्या प्रत्येक वस्तूचा भाव त्याला पाठ. कुणाच्या घरातला पाटा किती जुना आणि वरवंटा कितीचा, हेही तो झोपेत सांगे. फक्त एका वस्तूचा भाव त्याला कळला नव्हता, आणि त्यापायी त्याला जेवण जाईना. पतंग उडवायची हौस त्याला मुळीच नव्हती. पण भाव कळला असता, तर पैसे टाकून त्यानं फिरकी उचलली असती आणि घरातल्या माळ्यावर अडगळीत टाकली असती. हौसाला हे पक्कं ठाऊक होतं.

भावशेटनं एक पोपट पाळला. पेरूच्या फोडी चारचारून त्याला एकच वाक्य शिकवलं आणि एका संध्याकाळी माळावर सोडलं. आपले दोन नोकर कवठाच्या झाडामागे साक्षीला बसवले.

पोपट हौसाच्या खांद्यावर बसला आणि असा गोड बोलला, की दगडाला पाझर फुटावा. "मावशी, केवढ्याला पडली गं?"

हौसा हरखली. आजवर सगळ्यांनी तिला हटकलं होतं, असं लाडानं कुणी विचारलं नव्हतं. पाखराला सांगायला काय हरकत? आकडा अगदी जिभेवर आला. तेवढ्यात झाडामागे एक नोकर फटकन शिंकला.

हौसानं जीभ चावली. मग ती हसली. "ये राजा, कानात सांगते." आणि पोपटाच्या कानात तिनं हळूच काहीतरी सांगितलं. एकदा नाही, पतंग खाली उतरेपर्यंत सांगत राहिली. अंधार पडला तसा पोपट पेरूच्या ओढीनं शेटच्या पिंजऱ्यात परतला.

दुसऱ्या दिवशी पेठेत गिऱ्हाईक आलं. "शेट, ज्वारी काय भाव?"

पिंजऱ्यातून पोपट ओरडला, "तुला काय करायचंय?"

गिऱ्हाईक भडकून निघून गेलं. दुसरं आलं. "शेट, तूर कशी दिली?" "तुला काय करायचंय?" खुद्द पाटलीणबाई आल्या. त्यांनाही तेच. दुपारपर्यंत दुकानात माश्यांखेरीज कुणी उरलं नाही. भावशेटनं पोपटाला हाकलून दिलं, तो थेट हौसाच्या खांद्यावर जाऊन बसला.

मग मात्र भावशेटचं टाळकं सटकलं. तो घोड्यावर बसला, दोन्ही नोकर साक्षीला बरोबर घेतले आणि माळावर आला. त्या दिवशी तिथे लमाणांचा तांडा उतरला होता. तांड्याचा नायक पतंग बघत उभा होता.

"हौसा!" शेट गरजला. "आज या दोघांसमोर भाव सांगितल्याशिवाय सोडणार नाही!"

"नाही सांगणार."

"का? चोरीची आहे?"

"नाही."

"मग फसलीस! कुणीतरी दुप्पट उकळले, म्हणून लाजतेस."

हे हौसाला लागलं. वर पतंगानं गोता खाल्ला. खरा आकडा तोंडावर फेकून मारावा असं तिला क्षणभर वाटलं. पण तिनं दोरा सावरला. पतंग पुन्हा वर चढला, तशी तिची मानही वर झाली.

"असेन फसले," ती म्हणाली. "माझी फिरकी, माझं फसणं. तुमच्या बापाचं काय गेलं?" मग तिनं घोड्याकडे पाहिलं आणि हळहळून च्यक् केलं. "तुम्हालाही कुणीतरी चांगलंच गंडवलेलं दिसतंय, शेट. जाऊ दे. मी नाही विचारत. दुसऱ्याच्या वस्तूचा भाव विचारू नये."

आता, भावशेटला शिव्या द्या, चालेल. काठीनं मारा, तेही चालेल. पण त्याला सौद्यात कुणी गंडवलं, असं म्हणू नका.

"मला गंडवलं?" तो रिकिबीत उभाच राहिला. "मला? अगं, शंभराचा घोडा वीस मोहरांत उचललाय! ही अंगठी पाच मोहरांत! हे जरीचे जोडे एका मोहरेत! मला गंडवणारा अजून जन्मायचाय!"

दोन्ही नोकरांनी एकमेकांकडे पाहिलं. वर पतंग फडफडत होता.

नायक शांतपणे पुढे आला. कमरेची थैली सोडून त्यानं वीस, पाच आणि एक अशा मोहरा दगडावर मांडल्या. "उतरा शेट."

"अरे, ते... मी आपलं बोलण्याच्या भरात..."

"कायदा तुमच्याच गावचा. वेशीवर पाऊल ठेवायच्या आधीच आम्हाला ऐकवला होता. साक्षीदार कोण?"

भावशेटनं आशेनं नोकरांकडे पाहिलं. "तुम्ही काही ऐकलं नाहीत ना रे?"

"ऐकलं की, शेट," नोकर म्हणाले. "ऐकायलाच तर आणलंत आम्हाला."

भावशेट घोड्यावरून उतरला. अंगठी काढली. जोडे काढले. खाली माळभर सराट्यांचे काटे पसरले होते. शेट एक पाय उचली, दुसरा टेकवी, आई आठवी आणि पुढे सरके.

तोच हौसाच्या खांद्यावरून पोपटानं आपलं पहिलं, पेरू खाऊन पाठ केलेलं वाक्य काढलं, आणि तेही अगदी लाडात.

"मावशी, केवढ्याला पडली गं?"

हौसानं वर पतंगाकडे पाहिलं. तिनं ढील दिली.

त्यानंतर त्या वाटेनं जाणारे लोक वर बघायला शिकले. अजूनही एखादा विचारणारा निघतोच, पण विचारण्याआधी एकदा पायातले जोडे चाचपून बघतो.

तात्पर्य : जे आपण विकायला काढलं नाही, त्याचा भाव सांगायला आपण कुणाचे बांधील नाही.