सरकारांचा शेंदूर

श्रीमंत भुजंगराव सरकारांची जुनी मोटार मैल-दोन मैल चालली की बसकण मारायची, आणि दोष अर्थातच ड्रायव्हर हैबतीचा असायचा. मोटार सरकारांच्या वडिलांनी घेतलेली. तिच्यात खोट निघणं शक्यच नव्हतं. शहरातल्या मिस्त्र्यांनी ती दोनदा उघडली, दोन्ही वेळा मूठभर नटबोल्ट उरवले आणि बिदागी घेऊन मोठ्या समाधानाने परत गेले. तेव्हा सरकारांनी फर्मान काढलं. मोटार हैबतीच्या दारात उभी राहील. बॉनेट उघडायचं नाही, हत्यार लावायचं नाही, आणि अमावास्येला ती नदीवरच्या देवळापर्यंत न थांबता गेली पाहिजे. नाही गेली, तर हैबतीने नोकरी आणि राहती खोली दोन्ही सोडायची.

हैबतीने कपाळाला हात लावला. त्याची बायको कोंडाबाई मात्र मोटारीभोवती फिरत त्यालाच विचारू लागली. थांबते कधी? थोडं चालल्यावर. मग सुरू कशी होते? पेट्रोल बघायला टाकीचं झाकण काढलं, की आतून फुस्स आवाज येतो आणि बाईसाहेबांचा रुसवा जातो.

कोंडाबाईने झाकण हातात घेतलं. वर शेंदराचा बोटभर जाड थर! दर अमावास्येला सरकार स्वतः मोटारीची पूजा करत. टाकी म्हणजे गाडीचं तोंड, म्हणून तेलात कालवलेला शेंदूर तिथेच थापत, आणि भक्ती दांडगी असल्यामुळे मागचा कुणाला पुसू देत नसत. झाकणाला वारा घ्यायचं भोक असतं, ते त्याखाली केव्हाच गडप झालं होतं.

"राकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार लागती का?" ती नवऱ्याला म्हणाली. "वारा आत जाईल तवा तेल भाईर येईल."

तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि भोक मोकळं केलं. आकड्याला हत्यार म्हणण्याइतका, लक्ष ठेवायला बसवलेला सरकारांचा कारभारीही हुशार नव्हता.

अमावास्येला मोटार देवळापर्यंत अशी धावली की सरकारांचा फेटा सुटला. मागच्या गादीवर सरकार एकटेच होते. कारभाऱ्याशेजारी कोंडाबाईला पुढे बसवलं होतं, म्हणजे फजिती झाल्यास वाटेतच उतरवता येईल. देवळापाशी सरकारांनी नेहमीप्रमाणे शेंदराची वाटी मागवली आणि मोटारीला झालं काय होतं, ते विचारलं. कुणीतरी तिचा श्वास कोंडला होता, असं कोंडाबाई म्हणाली. सरकार भडकले.

"नाव सांग त्याचं. आत्ताच्या आत्ता त्याला मोटारीवरून हाकलतो!"

कारभारी एकाएकी नदीकडे पाहू लागला.

"हाकला की, सरकार," कोंडाबाई शांतपणे म्हणाली. "पर मग मागच्या गादीवर बसायला कुणी उरायचं न्हाई."

सरकारांचा शेंदराने माखलेला अंगठा झाकणावर टेकता टेकता थांबला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. मग हसावं की नाही हे कळल्यामुळे कारभारीही हसला.

हैबतीची नोकरी पक्की झाली. कोंडाबाईला जरीचं लुगडं मिळालं, आणि मोटारीच्या पूजेचा मानही तिच्याकडे आला. सरकार तेव्हापासून मागच्या गादीवर बसून लांबूनच हात जोडू लागले.