कुठला पीस?

"पण महाराज, मी मागतो तरी काय? फक्त पीस! तेवढाही मिळू नये माणसाला?"

हे म्हणताना अच्युतराव खानविलकरांचा आवाज चढला होता. त्यांनी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. 'शांती' हा शब्द त्यांना कीर्तनातला वाटायचा. स्वतःच्या दुःखासाठी त्यांना जरा वरच्या दर्जाचा शब्द हवा होता.

टेकडीवरच्या देवीच्या मठात निरंजनबुवा सुपात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अंगण झाडणाऱ्या चंद्रामावशींनी मात्र ऐकलं. त्या लगबगीनं गाभाऱ्यात गेल्या, देवीच्या ओटीतला एक हिरवा खण घेऊन आल्या आणि अच्युतरावांच्या हातात ठेवला.

"घ्या. काठ पण छान आहे."

"हे काय?"

"पीसच मागितलात ना? ब्लाउजचा?"

अच्युतरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"मावशी, माझा पीस वेगळा. पी ई ए सी ई. म्हणजे मनाची शांतता. तुम्ही आणलात तो पी आय ई सी ई. म्हणजे तुकडा. ऐकायला सारखे, पण अर्थाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही! यात गल्लत करणाऱ्याचे मार्क मी कायम कापत आलोय."

"असेल बाई," म्हणत मावशी पुन्हा झाडायला लागल्या.

बुवा गालात हसले.

"छान समजावलंत. आता सांगा, शांतता गेली कशानं?"

अच्युतराव याचीच वाट बघत होते. त्यांनी घडाघडा सगळं सांगितलं. धाकटा भाऊ माधव शेजारीच राहतो. दोन घरांच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यावर वडिलांनी लावलेला फणस. पट्टी कुणाची, यावरून प्रकरण कोर्टात गेलं. बोलणं बंद झालं. शेवटी अच्युतरावांनी आपल्या बाजूनं तारेचं कुंपण घातलं.

"नकाशात स्पष्ट आहे, महाराज! तो पीस माझा आहे. तो पीस मिळाल्याशिवाय मी..."

ते एकदम थांबले.

बुवांचा हातही सुपात थांबला.

"कुठला? ई ए, की आय ई?"

जन्मभर पोरांच्या चुका पकडणारा माणूस भर अंगणात पकडला गेला होता. खरं तर अच्युतरावांना राग यायला हवा होता. पण त्यांना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ते असे हसत होते, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी खण पुढे केला.

"हा परत घ्या. बायको गेल्यापासून माझ्या घरात खण घेणारं कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"घरात नाही. शेजारी... पुतणी आहे. मंजिरी. ए बी सी डी माझ्या मांडीवर बसून शिकली. परवा लग्न आहे तिचं."

"बोलावलंय?"

"ती स्वतः आली होती, अक्षता घेऊन. काका, काका म्हणून हाका मारत होती."

"मग?"

"मी दार उघडलं नाही..."

बुवांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"नवरीला हिरवाच लागतो हो," मावशी लांबूनच म्हणाल्या.

अच्युतराव खणाच्या काठावरून अंगठा फिरवत बसले. मंजिरीला हा रंग शोभेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी खणाची नीट घडी घातली, तो पिशवीत ठेवला आणि बुवांना नमस्कार केला.

पायरीपर्यंत गेल्यावर मात्र मास्तरांना राहवेना. ते मागे वळले.

"पण महाराज, मी मागायला आलो होतो तो पीस? तो राहिलाच की!"

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"आधी हा घेऊन जा. कुंपण ओलांडलंत की स्पेलिंग आपोआप बदलेल."