कंबरेची हद्द

घोड्यावरून पडलेले महाराज सिंहासनावर एका बाजूला कलून बसले होते. राजवैद्य धोंडभटांनी ‘कंबर दुखावली आहे’ असं सांगून लेप दिला, तसे नरहरशास्त्री भर दरबारात कडाडले, "कटी, श्रोणी, नितंब, यांना सगळी कंबरच! फरक दाखवता येत नसेल, तर यांनी राजवैद्यपद सोडावं."

धोंडभटांना घाम फुटला. पोट सुटल्यापासून धोतर नेसताना त्यांना स्वतःची कंबरसुद्धा अंदाजानेच शोधावी लागे. श्रोणी तर फार लांब राहिली. त्यांनी हात जोडले.

"शास्त्रीबुवा, माझ्या देहावरच्या या हद्दी मुदपाकखान्यानं केव्हाच पुसल्या. आपण सडपातळ आहात. आपल्याच अंगावर एकेक जागा बोट ठेवून दाखवा."

शास्त्रीबुवांनी ऐटीत कंबरेवर बोट ठेवलं. "ही कटी."

बोट खाली सरकू लागलं, तोच चिकाच्या पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या किणकिणल्या. बोट जागीच थिजलं.

"आणि पुढे?" धोंडभटांनी अदबीने विचारलं.

"पुढे... सगळी कंबरच," शास्त्रीबुवा पुटपुटले.

महाराज खो खो हसले. हसताना कळ आली आणि त्यांचा हात झटकन मागे, बराच खाली गेला.

"कंबर!" अख्खा दरबार एका सुरात म्हणाला.