धुरपदाआजीची वाटी

बाळांनो, आमच्याकडे मुलीचं स्थळ आलं की म्हातारी माणसं आधी विचारतात, "पोर वाटीला बसली आहे का?" ही वाटी कुठली, ठाऊक आहे का तुम्हाला?

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या या गावात धुरपदाआजी पाटकरीण होती. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेताशेतात वाटून देणं तिचं काम. घंगाळात पाणी भरायचं आणि बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यावर सोडायची. वाटी भरून बुडाली की एका शेताची पाळी संपली. वाटीजवळ मात्र आजी कधी बसत नसे. ती लहान मुलांना बसवायची. ज्याने लबाडी केली, त्या मुलाला वाटी पुन्हा मिळत नसे. तिच्या डोळ्यांना पाटाच्या तळाचा खडाही दिसायचा, असं म्हणतात.

एका कडक उन्हाळ्यात उखाची पोर नथी वाटीला बसली. पाळी तिच्याच घरची होती. बापाची मिरची माना टाकून उभी होती, ती नथीने सकाळीच पाहिली होती. तिने भोकाच्या कडेला मेणाचा कण लावला. वाटी थोडी उशिरा बुडावी, एवढंच तिच्या मनात होतं.

पण वाटी बुडेचना. आणि असं म्हणतात, की सूर्यही कडुनिंबाच्या शेंड्यावर थांबला. सावल्या हलेनात. गाई चरून चरून थकल्या, तरी घरी परतायची वेळ होईना.

पुढची पाळी झिपरूतात्याची. तो फावडं टेकून बसला. त्याची कांद्याची रोपं डोळ्यांदेखत पिवळी पडत होती.

"आज सूर्याला पण दुपारची डुलकी लागली वाटतं," तो म्हणाला.

तेवढ्यात उखा बांधावरून ओरडला, "नथे, बुडाली का गं वाटी? माझी मिरची पोहायला लागली इकडे."

नथीने मेण लावलेल्या वाटीकडे पाहिलं. खरं सांगावं तर वाटी जाणार, आणि गप्प बसावं तर दोन्ही शेतं जाणार.

"आजी, तू बघ ना वाटी," ती हळूच म्हणाली.

"मी कशी बघू? वाटी तुझ्याकडे आहे," आजी म्हणाली आणि पाटातला पाला काढत राहिली.

मग नथीने वाटी उचलली, गवताच्या काडीने मेण टोकरून काढलं आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी मेण लावलं होतं."

वाटी पाण्यावर टेकली आणि गपकन बुडाली. त्याच क्षणी सूर्य डोंगराआड गेला, असं म्हणतात. झिपरूतात्याने पाटाच्या बांधाला बारं फोडून पाणी आपल्या शेतात घेतलं. धुरपदाआजीने घंगाळ रिकामं केलं आणि ती घरी गेली.

आता बंधाऱ्यावर घड्याळ आहे. तरीही पाट सुटायच्या दिवशी गावातली मुलं ओळीने बसतात. प्रत्येक जण वाटीच्या भोकातून गवताची काडी आरपार काढून दाखवतो आणि वाटी पुढच्याला देतो. धुरपदाआजीचं नाव घेऊन पहिलं पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडतात.

पण मेण काढलं त्या रात्री नथी जेवली नाही. आपली वाटी गेली, हे तिने मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपदाआजी उखाच्या दारात आली आणि तिने वाटी नथीच्या हातात दिली.