मळवाडीच्या सोसायटीत सगळ्यांना सारखं

मळवाडी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढं करायचा. सांगितलं नाही ते करायचा नाही. बस म्हटलं की बसायचा, आणि ऊठ म्हणेपर्यंत उठायचा नाही.

गावाला नवा रस्ता आला, रस्त्यामागनं बिल्डर आला आणि उसाच्या फडात चार मजल्यांची सोसायटी उभी राहिली. चेअरमन झाले रंगराव खोचरे. केरबा त्यांच्या बायकोच्या माहेरचा, म्हणून त्याला फाटकावर बसवलं. शिट्टी दिली, टोपी दिली. केरबाला वाटलं, आपण फौजदार झालो.

पुढं सरकारी फतवा निघाला. सोसायटीत कुणाशी भेदभाव होता कामा नये. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अपंगांना सोयीनं येता-जाता आलं पाहिजे. तसं शिक्षण घ्या, तपासणी करून घ्या, मग दाखला मिळेल. रंगरावांना त्या दाखल्याची भारी हौस. तो फाटकावर टांगला की शेजारची सोसायटी जळून मरणार होती. त्यांनी शहरातनं तज्ज्ञ प्रशिक्षक मागवले, निशिकांत सबनीस सर. घर सगळ्यांसाठी कसं खुलं ठेवावं, या एकाच विषयावर सर गावोगाव बोलत फिरायचे. त्यांचं राहतं घर कुणी पाहिलेलं नव्हतं.

व्याख्यान चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवलं. लिफ्ट होती, पण तिच्यात गणपतीचा मंडप भरून ठेवलेला. म्हातारी माणसं खालीच राहिली. वर सर म्हणाले, "चढउतार ही मोठी समस्या आहे." सगळ्यांनी धापा टाकत टाळ्या वाजवल्या.

जाताना सरांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. "घर बघायला कुणी आलं, तर त्याला जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, काय खातो विचारायचं नाही. हसून दार उघडायचं. कळलं?"

"व्हय सर. काय इचारायचं न्हाई. हसायचं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेम्पो घेऊन दोघे आले. म्हणाले, "घर बघायचंय."

केरबा हसला. त्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. रंगराव सहकुटुंब लग्नाला गेलेले, किल्ली केरबाकडं. त्यानं त्यांचंच दार उघडलं. दोघांनी घर बघितलं. मग टीव्ही बघितला, फ्रीज बघितला, कपाट बघितलं आणि एकेक करून टेम्पोत ठेवलं. फ्रीज जड होता. केरबानं एका बाजूनं हात लावला.

संध्याकाळी रंगराव रिकाम्या घरात उभे राहून ओरडले, "अरे गाढवा, कोण, कुठले, एवढं तरी विचारायचंस!"

"इचारायचं न्हाई म्हणालं की सर."

रंगरावांनी सरांना फोन लावला. सरांनी केरबाला समजावलं. "तसं नव्हे. जात विचारायची नाही, पण ओळख पटवायचीच. ओळखपत्र बघितल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

"व्हय सर. कुणालाबी."

आठवडा गेला नाही तोवर सुलोचनाकाकूंच्या भज्यांच्या कढईनं पेट घेतला. खिडकीतनं धूर निघाला, काकू किंचाळत खाली पळाल्या. घंटा वाजवत बंब आला. केरबा फाटकात आडवा.

"ओळखपत्र."

"अरे, आग लागलीय!"

"आग दिसतीया. तुमची ओळख पटंना."

एकानं ओळखपत्र काढून दाखवलं. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर मिशी होती आणि तोंडावर नव्हती. केरबानं त्याला उन्हात उभं करून निरखलं. शेवटी जवान भिंतीवरनं उड्या मारून आत गेले. तोवर काकूंचं स्वयंपाकघर कोळशासारखं झालं होतं. भजी मात्र आतनं कच्चीच निघाली.

सबनीस सर धावत आले. दाखला बुडाला की त्यांचं नावही बुडणार होतं. "केरबा, अरे, वाट अडवायची नसते! आपलं कामच वाट मोकळी करायचं. पायरी हा माणसाचा शत्रू. जिथं पायरी दिसेल, तिथं उतार झाला पाहिजे."

"जितं पायरी, तितं उतार."

"शाबास!"

एवढं बोलून सर वर गेले. आगीनं घाबरलेल्या रहिवाशांना धीर देणारं व्याख्यान द्यायचं होतं. अख्खी सोसायटी त्यांच्यामागनं हॉलमध्ये जाऊन बसली.

केरबा खाली उभा राहून विचार करत होता. फाटकापाशी पायरी नव्हती. ओट्याला एक होती, पण जिन्यात तर ओळीनं पायऱ्याच पायऱ्या! एवढे शत्रू, आणि आपण रोज त्यांच्याच पाठीवरनं ये-जा करतोय. केरबाला आपल्या अज्ञानाची लाज वाटली.

स्लॅब घालताना वापरलेल्या लोखंडी प्लेटा मागच्या बाजूला पडून होत्या. तेलकट, गुळगुळीत. केरबानं त्या एकेक करून वाहिल्या. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळा जिना झाकला. घामानं निथळला, पण एक पायरी शिल्लक ठेवली नाही.

व्याख्यान संपलं. सर पुढं निघाले, मागं वळून बोलत, "तर मंडळी, सहज खाली जाता आलं पाहिजे..." आणि सर गेले. सरांच्या मागनं रंगराव, रंगरावांच्या मागनं काकू, काकूंच्या मागनं कमिटी. प्रत्येक वळणावर भिंत आणि भिंतीपुढं माणसांचा ढीग. ढीग सुटला की पुढची घसरण. सगळे तळाला येऊन पडले तेव्हा सर सर्वांत खाली होते.

केरबानं आनंदानं विचारलं, "कसं वाटलं सर? एकदाबी पाय उचलाय लागला न्हाई."

सरांचा एक पाय नंतर बरेच दिवस उचललाच गेला नाही. त्याला प्लास्टर घातलं होतं.

खाटेवर पडल्या पडल्या सर हात जोडून म्हणाले, "केरबा, तू उतार विसर. ओळखपत्र विसर. सगळं विसर आणि एवढं एकच धर. सगळ्यांना सारखं वागवायचं. एकाला एक आणि दुसऱ्याला एक, असं कधी करायचं नाही."

"सगळ्यास्नी सारखं," केरबा म्हणाला. हे त्याला मनापासून पटलं. इतकं सोपं होतं, तर आधीच का सांगितलं नाही, असंही वाटलं.

त्यानंतर हेमलता कुरणे बाई आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, चाकाच्या खुर्चीत बसून फिरायच्या. तळमजल्यावरचं रिकामं घर त्यांना पसंत पडलं. रंगरावांनी त्यांना चहा पाजला, "कळवतो" म्हणाले आणि त्या गेल्यावर केरबाला बाजूला घेतलं.

"ती खुर्चीवाली परत आली, तर आत सोडू नकोस. घर शिल्लक नाही म्हणून सांग."

"पर घर हाय की."

"सांगितलं तेवढं कर. उद्या फरशीवर चाकांचे ओरखडे उठतील. आणि येताजाता बघायला बरं दिसत नाही."

तपासणीचा दिवस उजाडला. मोठे साहेब जीपनं येणार होते. त्यांना वाजतगाजत आणायला अख्खी सोसायटी लेझीम घेऊन एसटी स्टँडावर गेली. सबनीस सरही कुबड्या टेकत गेले. मागं एकटा केरबा. तेवढ्यात बाई आल्या.

"घर शिल्लक न्हाई," केरबा म्हणाला.

बाईंनी तळमजल्याच्या कुलपाकडं बघितलं. "बरं. हे सगळ्यांनाच सांगतोस, की मला एकटीलाच?"

केरबानं जीभ चावली. एकाला एक आणि दुसऱ्याला एक! सरांनी हात जोडून सांगितलं होतं, आणि आपण नेमकं तेच करत होतो. "न्हाई बाई," तो म्हणाला. "सगळ्यास्नी." त्यानं फाटक लावलं, आतनं कुलूप घातलं आणि शिट्टी तोंडात धरून उभा राहिला.

लेझीम वाजत आली. पुढं हार घातलेले साहेब, शेजारी घामेजलेले रंगराव, मागनं साहेबांची रिकामी जीप.

"घर शिल्लक न्हाई," केरबा म्हणाला.

"काय?"

"कुणालाच शिल्लक न्हाई."

"अरे, मी चेअरमन! मी इथं राहतो! कुणी सांगितलं तुला असं बोलायला?"

"तुमीच की चेअरमनसाहेब," केरबा म्हणाला. "खुर्चीवाली बाई आली की सांग म्हणाला. पर एकट्या बाईला तसं सांगणं बरं दिसंना. सरांनी सांगितलंय, सगळ्यास्नी सारखं. मग मी सगळ्यास्नीच सांगाय लागलो."

लेझीम थांबली. सबनीस सर कुबडीची रबरी टोपी निरखू लागले. बाईंनी मात्र पदर तोंडाला लावून हसत हसत तळमजल्याच्या कुलपाकडं बोट केलं.

साहेबांनी गळ्यातला हार काढून रंगरावांच्या हातात दिला. "दाखल्याचं आता विसरा. पहिल्यांदा ते तळमजल्याचं घर यांना द्यायचं. मी पुन्हा येऊन बघेन." मग केरबाकडं वळून म्हणाले, "आधी बाईंना आत घे." आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

केरबानं कुलूप काढलं. बाईंची खुर्ची अलगद आत घेतली. फाटक लावलं आणि कुलूप पुन्हा घातलं.

बाहेर अख्खी सोसायटी, डोक्यावर ऊन. रंगराव गज धरून ओरडले, "अरे, आणि आम्ही?"

केरबानं शांतपणे किल्ली खिशात टाकली. "तुमचं काय ते साहेब बोलून गेलं न्हाईत."