ओलं मडकं, कोरडा मामा

माळटेंभी नावाचं एक गाव. त्या गावात एक भोळा गडी होता. नाव गुणाजी. नाव ठेवताना त्याच्या आईनं जरा घाईच केली, असं लोक म्हणायचे.

गुणाजीला सांगितलेलं सगळं कळायचं. तेवढंच कळायचं. आई म्हणाली, "दाराकडे लक्ष ठेव," की गडी दाराकडे बघत बसायचा. एकदा चोरानं खिडकीतून भांडी नेली, तरी ह्यानं मान वळवली नाही. सांगितलं होतं दार. खिडकीचं कुणी काही बोललंच नव्हतं.

त्या वर्षी गावाबाहेरच्या जुन्या गोदामात निमकर बाई राहायला आल्या. बाई शास्त्रज्ञ होत्या. घरात फ्रीज नसला तरी उन्हाळ्यात भाजी कशी टिकवायची, ह्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी दोन मडकी मांडली. दोन्हींत मेथीच्या जुड्या ठेवल्या. एका मडक्याला ओलं पोतं गुंडाळलं, दुसरं तसंच कोरडं ठेवलं. सगळं गाव बघायला लोटलं. "मडकं भिजवायचा पगार मिळतो व्हय?" म्हणालं आणि तोंडात बोट घालून घरी गेलं.

बाईंना हाताखाली माणूस हवा होता. गुणाजीला नोकरी हवी होती. कारण गुणाजीला हौसा हवी होती.

हौसा शेजारच्या गावची. तिचे वडील भिवाजी स्पष्टच म्हणाले होते, "जावई नोकरीवाला पाहिजे. वैशाखापर्यंत नोकरी टिकव, लगेच बार उडवून देऊ." म्हणजे नोकरी टिकली तर हौसा, नाहीतर ठणठणगोपाळ.

बाईंनी गुणाजीला ठेवून घेतलं. म्हणाल्या, "काम सोपं आहे. पोतं वाळलं की पाणी घाल."

बाई जेवायला गेल्या. गुणाजीनं पोत्यावर पाणी घातलं. मग त्याचं लक्ष कोरड्या मडक्याकडे गेलं. बिचारं! ना अंगावर पोतं, ना पाण्याचा थेंब. एका घरातली दोन लेकरं, आणि हा असा दुजाभाव? गुणाजीला भरून आलं. त्यानं डोक्याचा पटका सोडला, त्या मडक्याला गुंडाळला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

बाई परत आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "अरे गुणाजी, दोघांना सारखंच केलं तर फरक कळणार कसा? एकाला पाणी द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. मग बघायचं, गार कोण राहतो आणि तापतो कोण. पाणी उडून जाताना आतली ऊब घेऊन जातं, कळलं?"

"चुकलं बाई. पुढच्या वेळी तस्संच करतो."

गुणाजी शब्दाचा पक्का. तीच तर पंचाईत होती.

पुढची वेळ लगेच आली. भर उन्हात भिवाजी घरी नवरामुलगा बघायला आले. बरोबर हौसाचे मामा, रावजी. रावजी मामा म्हणजे नाकावर राग घेऊन जन्मलेला माणूस. आईनं आतून सांगितलं, "गुण्या, पाहुण्यांना पाणी दे."

गुणाजीनं भिवाजींना तांब्या दिला. ते प्यायले. त्यानं दुसरा तांब्याही त्यांनाच दिला. संकोचानं तोही ते प्यायले.

मामा म्हणाले, "आणि मला?"

"तुम्हाला नाही. तुम्ही कोरडे."

"कोरडा म्हणजे काय रे?"

"म्हणजे फरक कळतो," गुणाजी म्हणाला. मग तो मामांच्या पुढ्यात मांडी घालून त्यांच्याकडे टक लावून बसला. थोड्या वेळानं त्यानं मामांच्या कपाळाला हात लावून बघितला.

मामा असे उसळले की त्यांची टोपी आढ्याला लागली. शिव्या देत देत गेले ते थेट वेशीबाहेर. भिवाजी मात्र पोटभर पाणी प्यालेले होते. ते शांतपणे म्हणाले, "पोरगं साधं आहे. नोकरी टिकली तर बघू." आईनं डोळ्याला पदर लावला. "गुण्या, हौसा अगदी मामाच्या वळणावर गेलीय म्हणतात रे. तीही तापट निघाली तर तुझं कसं व्हायचं?" हे वाक्य गुणाजीच्या डोक्यात जाऊन बसलं. डोक्यात जागा भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना सांगितलं, "बाई, तुमचं शास्त्र खरं आहे. ओला गार राहिला, कोरडा तापला. मी हात लावून बघितलं."

बाईंनी सगळं ऐकलं आणि ओरडल्या, "अरे, माणसं म्हणजे काय मडकी आहेत? दारात कुणीही येवो, त्याला या-बसा म्हणावं, पाणी द्यावं, 'घ्या, लाजू नका' म्हणून खायला घालावं!"

"चुकलं बाई. पुढच्या वेळी तस्संच करतो."

पुढच्या वेळी गोदामाच्या दारात आली गावातल्या तुळसाकाकूंची शेळी.

"या, बसा," गुणाजी म्हणाला. शेळी काही बसली नाही. गुणाजीला वाटलं, लाजली असेल. त्यानं तिच्यापुढे पाणी ठेवलं. मग ओल्या मडक्यातली मेथी काढली. "घ्या, लाजू नका." ती तिनं मिटक्या मारत खाल्ली. मग कोरड्या मडक्यातली दिली. ती शेळीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. खरं तर ही गोष्ट संशोधनाच्या फार कामाची होती. पण बाई आल्या तेव्हा त्यांच्या मेथीचा देठसुद्धा उरला नव्हता, आणि त्या काही ऐकून घ्यायच्या बेतात नव्हत्या.

"मडक्यात कुणी तोंड घातलं तर काठी घे आणि पाठीत एक हाण!" बाई किंचाळल्या.

"चुकलं बाई. पुढच्या वेळी तस्संच करतो."

बाईंनी पुन्हा मडकी मांडली, पुन्हा मेथी आणली. आठवडा गेला, आणि शहरातून बाईंचे मोठे साहेब आले. संशोधन पुढे चालवायचं की गाशा गुंडाळायचा, हे ते ठरवणार होते. संशोधन बंद म्हणजे नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे हौसा दुसऱ्याच्या घरी.

साहेब ओल्या मडक्यापाशी आले. "भाजी ताजी आहे का, वास घेऊन बघतो," म्हणाले, आणि वाकून त्यांनी मडक्यात तोंड घातलं.

गुणाजीनं काठी घेतली आणि पाठीत एक हाणली.

साहेबांचं डोकं कानांसकट मडक्यात गेलं. ओढलं तरी निघेना. बाईंनी डोळे मिटून घेतले. आणि मडक्यातून घुमणारा आवाज आला, "अहो बाई, आत खरंच गार आहे हो!"

मडकं फोडून साहेब बाहेर काढले. त्यांच्या मिशीला मेथी चिकटली होती आणि ती हिरवीगार होती. साहेबांनी पाठ चोळत चोळत संशोधन मंजूर केलं. गुणाजीची नोकरी टिकली. वैशाखातली तारीख निघाली.

साहेब गेल्यावर मात्र बाईंचा बांध फुटला. "तुला मी गळ्यात घालून घेतलं, तीच माझी चूक! आधी प्रयोग करायला हवा होता. प्रयोग करून खात्री पटल्याशिवाय माणसानं काहीही गळ्यात घालून घेऊ नये!"

"चुकलं बाई," गुणाजी म्हणाला. "पुढच्या वेळी तस्संच करतो."

आता पुढची वेळ कोणती, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. बाईंच्या नाही आलं. त्या नवी साडी नेसून लग्नाला आल्या आणि पुढच्याच रांगेत बसल्या.

वैशाखाचं ऊन. मांडवात माणसांची दाटी. हौसा शालू नेसून पाटावर उभी, मागे रीतीप्रमाणे मामा उभे. कोरडे, आणि अजून फुरंगटलेले. मंगलाष्टकं संपली, 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, वाजंत्री कडाडली. हौसानं हार उचलला आणि गुणाजीच्या गळ्यात घालायला हात पुढे केले.

गुणाजी टुणकन मागे सरला. "थांबा! प्रयोग केल्याशिवाय गळ्यात काही घालून घ्यायचं नाही!"

वाजंत्री थांबली. भटजी म्हणाले, "अरे बाबा, आता कसला प्रयोग?"

"ही मामांची भाची. तापट आहे का गार, ते बघायला नको?" असं म्हणून त्यानं मांडवातली पिण्याच्या पाण्याची घागर उचलली. "मामा, तुम्ही कोरडेच राहा. हलू नका. तुलनेला लागाल."

आणि त्यानं घागर हौसाच्या डोक्यावर ओतली.

हळद, कुंकू, काजळ सगळं एकत्र वाहायला लागलं. शालू अंगाला चिकटला. भिवाजी मटकन खाली बसले. गुणाजीच्या आईनं देवाचं नाव घेतलं. गुणाजी पुढे झाला आणि त्यानं हौसाच्या कपाळाला हात लावून बघितला. चटका बसला.

हौसा अगदी हळू आवाजात म्हणाली, "घागरीत उरलंय का काही?"

"आहे की. घ्या, लाजू नका."

हौसानं घागर घेतली आणि त्याच्या डोक्यावर पालथी घातली, मुंडावळ्यांसकट. मग हार उचलला आणि असा काही गळ्यात घातला की गुणाजी कमरेत वाकला. "पटली खात्री?" ती म्हणाली.

तेवढ्यात मागून कसला तरी आवाज आला. रावजी मामा हसत होते. जन्मात पहिल्यांदा हसत होते. पोट धरून, खांबाला धरून, शेवटी जमिनीवर बसून हसत होते. "दिली! भाची ह्यालाच दिली! वाजवा रे!" म्हणाले, आणि वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

गुणाजी मात्र गंभीर झाला. निथळत निथळत तो पुढच्या रांगेकडे गेला. निमकर बाईंनी पदरात तोंड लपवलं होतं. त्यांच्यापुढे हात जोडून तो म्हणाला,

"बाई, ह्या वेळी तुमचं चुकलं. ओली तापली आणि कोरडा गार पडला. ती मडकी एकदा परत तपासा."