राळ आणणारी चिमा

माणसानं अजून मध चाखला नव्हता तेव्हाची गोष्ट. सालईच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. सगळ्या मध आणत. म्हातारी चिमा मात्र झाडाची राळ आणी. "मध सोडून हा चिकटा कशाला गं?" म्हणत राणीनं तिला हाकलून दिलं.

एकदा मध चोरायला चिचुंद्री शिरली. माश्यांच्या डंखांनी ती मेली, पण एवढं धूड बाहेर ओढवेना. ते सडलं, पिल्लं पटापट मरू लागली. राणी हादरली. "अगं, चिमाला बोलवा!"

चिमानं सगळ्यांना कामाला लावून मढ्यावर राळ लिंपली. सडणं थांबलं, उरलेली पिल्लं वाचली.

पुढल्या वर्षी दुसरी चिचुंद्री शिरली. "सरका की, मावशी," म्हणत तिनं धक्का दिला आणि किंचाळलीच. मावशी होती तशीच होती, फक्त दगडासारखी टणक.

"बसा की," दारातून चिमा म्हणाली, "राळ पुष्कळ आहे."